तक्रारी वाढल्या म्हणून टेबल बंद केलंत, त्याबद्दल खुलं पत्र

प्रति,
सीमाभागात मानवी हक्कांचे प्रकल्प चालवणाऱ्या संस्था, त्यांना पैसा देणारे ट्रस्ट, कंपन्यांचे सीएसआरवाले आणि शेवटी येऊन मूल्यमापन करून देणारे कन्सल्टंट, सगळ्यांना

नमस्कार,

हे पत्र असं उघड लिहायचं कारण म्हणजे साधं पत्र देऊन झालं, मेल करून झाला, उत्तर काय आलं तर "आपल्या प्रतिक्रियेची नोंद घेण्यात आली आहे". नोंद घेतली ते बरंच केलं, पण नोंदीचं पुढं काय होतं हाच तर आमचा प्रश्न आहे. नाव कुणाचं घेत नाही. एका संस्थेला झोडपून काय मिळणार, थोड्याफार फरकाने हेच सगळीकडे चाललंय, खानापूरला विचारा, अथणीला विचारा.

तर झालं असं, की आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या काही गावांत तीन वर्षं एक हक्क-जागृतीचा प्रकल्प चालला. त्यात कामं तीन. गावोगावी शिबिरं, शाळेतल्या पोरांसाठी तास, आणि बाजारच्या दिवशी एक मदत टेबल, म्हणजे खरंच एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक रजिस्टर, तिथं कुणीही यायचं, आपली तक्रार सांगायची, अर्ज लिहून घ्यायचा आणि पुढच्या बाजाराला येऊन त्याचं काय झालं ते विचारायचं. प्रकल्प संपताना मूल्यमापन झालं. रिपोर्टचा निष्कर्ष असा की शिबिरं उत्तम, शाळेचे तास उत्तम, पण टेबलावरच्या तक्रारी पहिल्या वर्षापेक्षा तिसऱ्या वर्षी कितीतरी जास्त, म्हणजे उल्लंघनं कमी झालेली दिसत नाहीत, सबब पुढच्या टप्प्यात पैसा शिबिरांवर लावावा आणि टेबल बंद करावं. आणि केलं बंद.

त्या टेबलावर अर्ज लिहायला बसणाऱ्यांत मी एक होते, मानधनावर. माझं पोट त्यावर अवलंबून नव्हतं, दुसरं काम मिळालंय, त्यामुळे ही नोकरी गेली म्हणून ओरडतेय असं कुणी समजू नये. माझं दुखणं वेगळं आहे. माझ्या आईने निपाणीत बिड्या वळून आम्हाला वाढवलं. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, तंबाखू घालून वळायचं, सूत गुंडाळायचं, हजार पुरे होईपर्यंत मान वर नाही, आणि नेऊन दिल्यावर तिथला माणूस त्यातल्या मूठभर बाजूला काढणार, ती छाट, तिचे पैसे नाहीत आणि ती बिडी परतही मिळत नाही. पान खराब निघालं तर वरचं पान पदरचं. आयुष्यभरात आईने यावर कुठे तक्रार केली नाही, करायची असते हेच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी करायची कुठं. तुमच्या हिशेबाने बघितलं तर माझ्या आईच्या हक्कांचं कधीच उल्लंघन झालं नाही, कारण रजिस्टरला तिच्या नावावर काहीच नाही.

आता एकेक मुद्दा सांगते.

पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा हाच, तक्रारी वाढल्या याचा अर्थ तुम्ही उलटा लावलात. टेबलावर पहिल्या वर्षी काय यायचं? रेशन कार्डात सुनेचं नाव घालायचंय, आधारला मोबाईल जोडायचाय, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे थांबलेत. लोक आधी माणूस बघतात हो. एखादा बिनधोक कागद देऊन बघतात, ही पोरगी पुढच्या बाजाराला परत येते का, गावात जाऊन बोंबलते का, ठेकेदाराच्या ओळखीतली आहे का. ते पटल्यावर दुसऱ्या वर्षी पीएफचे कागद बाहेर पडले. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईलाही पीएफ लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने 1985 सालीच सांगून ठेवलंय, पण कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी, मग पैसे तसेच पडून. लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, दुसऱ्याच बाईच्या नावावर आणि वळणारी तिसरीच, हेही कित्येक ठिकाणी. आणि तिसऱ्या वर्षी ज्या गोष्टी आल्या त्या पहिल्या वर्षी कुणी तोंडातून काढल्या नसत्या. नवऱ्याचा मार आला, शाळेतल्या मैत्रिणीचं लग्न ठरवलंय म्हणून सांगायला दोन पोरी आल्या, छाटीबद्दल पहिल्यांदा लेखी अर्ज आला, उचल फिटत नाही म्हणून मुकादम गावी सोडेना असं सांगणारं ऊसतोडीचं जोडपं आलं. हा चढता आकडा म्हणजे टेबलावर बसलेला विश्वास होता. गावात पहिल्यांदा डॉक्टर आला, पेशंटची रांग लागली, म्हणून दवाखान्याने गाव आजारी पाडलं असं कुणी म्हणेल का? तुम्ही म्हटलंत.

हे काही मी टेबलावर बसून काढलेलं तत्त्वज्ञान नाही, मोठ्या आकड्यांतही हेच दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 ला कर्नाटकातल्या साधारण 20 टक्के विवाहित बायांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सांगितली होती, 2019-21 च्या फेरीत तोच आकडा 44 टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. आता चार-पाच वर्षांत कर्नाटकातले नवरे दुप्पट मारकुटे झाले की बाया बोलायला लागल्या की विचारायची पद्धत बदलली, यावर जाणकार भांडत बसतील, पण नुसता आकडा बघून कुणी निकाल देत नाही. आणि त्याच सर्वेक्षणात देशभरात मार खाल्लेल्या बायांपैकी फक्त 14 टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली असं आलंय. म्हणजे शंभरातल्या 86 जणींनी कुणाकडे मदत मागितलीच नाही. त्यातली एक जरी बाजारात टेबलापर्यंत चालत आली तर तो आकडा कुठल्या रकान्यात घालायचा, उल्लंघनाच्या की यशाच्या, हे रिपोर्ट लिहिणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं.

याच्या उलट शून्याची गोष्ट. यल्लम्माचा सौंदत्तीचा डोंगर आमच्याच बेळगाव जिल्ह्यात. देवदासी म्हणून मुली सोडण्याच्या विरोधात कर्नाटकात 1982 ला कायदा झाला, महाराष्ट्रात 2005 ला, त्याआधी मुंबई इलाख्यातही 1934 ला कायदा झाला होता. कागदावर तीन-तीन कायदे. आणि आमच्या प्रकल्पाच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य आहे की प्रकल्प गावांत या काळात मोती बांधल्याची, म्हणजे मुलीला देवदासी केल्याची, एकही नोंद नाही, म्हणून तिथे हिरवा रंग. अहो, आता कोण वाजतगाजत मोती बांधतंय? घरात होतं, रात्री होतं, जिल्ह्याबाहेर नेऊन होतं, आणि सांगणाऱ्यावर उलट केस होईल ही भीती, कारण कायद्यात आईबापही आरोपी. त्यामुळे जिथं तक्रार शून्य तिथं तुम्ही हिरवा रंग दिलात आणि जिथं लोक बोलले तिथं लाल. रंग उलटे झाले हो.

दुसरा मुद्दा, तुम्ही मोजता काय. शिबिरं किती, हजेरी किती, पत्रकं किती वाटली, बॅनरसकट फोटो किती. हजेरीच्या सहीचं तर विचारू नका, जेवणाच्या वेळेला सह्या वाढतात हे शिबिर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नंतर एक परीक्षा, शिबिराआधी दहा प्रश्न, शिबिरानंतर तेच दहा प्रश्न, जगण्याचा हक्क कुठल्या कलमात, मानवाधिकार दिन कधी. नंतरचे मार्क वाढले की झाला परिणाम. वाढणारच की, दोन तास तेच घोकून घेतलं.

आता यावर एकच प्रसंग सांगते, तो सगळ्या राज्याला माहीत आहे. डिसेंबर 2023. बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन चालू, सगळं सरकार इथं, पोलिसांचा ताफा इथं. 10 डिसेंबरला मानवाधिकार दिन. आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, बेळगाव तालुक्यातल्याच वंटमुरीत मुलगा आपल्या पसंतीच्या मुलीबरोबर निघून गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून बाहेर काढलं, विवस्त्र केलं, खांबाला बांधून मारलं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही घेतली. आणि कोर्टाने फक्त मारणाऱ्यांना नाही, उभं राहून बघणाऱ्यांनाही धारेवर धरलं, कारण माणसं होती, बघत होती, अडवायला पुढं आला तो जवळपास एकटाच, त्यालाही मार बसला.

हे मी त्या गावाला नावं ठेवायला लिहीत नाहीये, अशी रात्र आमच्या गावात आली असती तर किती जण दार उघडून बाहेर आले असते हे मला छातीठोक सांगता येणार नाही. मला एवढंच विचारायचंय की तुमच्या दहा प्रश्नांच्या परीक्षेत हे कुठं मोजलं जातं? कलम 21 चं उत्तर बरोबर लिहिणारा माणूस त्या रात्री बघ्यांत असेल की अडवणाऱ्यांत? शेजारच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला तर 112 ला फोन कोण करेल, ग्रामपंचायत मेंबर करेल का, आशाताई करेल का, आणि शिबिराच्या आधीपेक्षा नंतर असं करणारे एक-दोन तरी वाढले का, हे विचारायला वेळ लागतो, गावात राहावं लागतं, चहा प्यावा लागतो, मान्य आहे. पण मग तेच मूल्यमापन. बाकीची हजेरी मोजणं ग्रामपंचायतीचा शिपाईपण करेल.

यूएनच्या मानवी हक्क कार्यालयाने 2012 मध्ये हे कसं मोजायचं याची पद्धत सांगून ठेवलीय, ती काही फार अवघड नाही. आधी कायदा-व्यवस्था कागदावर आहे का ते बघा, मग ती चालते का ते बघा, मग माणसाच्या जगण्यात फरक पडला का ते बघा. आमच्या भाषेत सांगायचं तर बिडी कामगारांसाठी कायदा आहे का, त्याप्रमाणे लॉगबुक आणि ओळखपत्र मिळतं का, आणि शेवटी बाईच्या हातात पूर्ण हजाराचे पैसे पडतात का. तुमचा रिपोर्ट पहिल्या पायरीवर थोडा रेंगाळलाय आणि तिसऱ्यापर्यंत पोचलेलाच नाही, मध्येच शिबिराचे फोटो आलेत.

तिसरं, विचारलं कुणाला आणि कसं. मूल्यमापनवाले आले, गाडी समाजमंदिरासमोर थांबली, आधीच निरोप गेलेला, संस्थेच्याच कार्यकर्तीने बाया गोळा केलेल्या, त्यात ठेकेदाराची भावजय पुढच्या सतरंजीवर. प्रश्न इंग्रजीत, ते कन्नडमध्ये सांगायला एक ताई, तिथून पुढं मराठीत सांगायला आमचीच एक मुलगी. अशा दोन उड्या मारून प्रश्न येतो तोवर बाईला एवढंच कळतं की हे पैसे देणाऱ्यांची माणसं आहेत, यांना चांगलं सांगायचं. एक म्हातारी तर मला नंतर म्हणाली, "अगं मी काय सांगतो, त्यांनी हसून विचारलं, मी बी हसून व्हय म्हटलं." त्या व्हयचा तुमच्या रिपोर्टमध्ये टक्का झालाय.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लगेच याला दुसरंच वळण लागेल. हा मराठी विरुद्ध कन्नड विषय नाही. आमच्या गल्लीत दोन्ही भाषा नांदतात, बाजारात तर एकाच वाक्यात नांदतात. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे. खरं सांगायचं तर आमच्याकडे हक्क म्हटलं की 1 नोव्हेंबर आठवतो, एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिवस, आणि दुकानाच्या बोर्डावर काय लिहायचं याचा वाद, त्या गदारोळात बिडीवाल्या बाईचा पीएफ कुणाच्याच भाषणात येत नाही, ना इकडच्या ना तिकडच्या. रिपोर्ट इंग्रजीत निघाला तो कन्नड बोलणाऱ्या बायांनाही वाचता आला नाही, म्हणजे अन्याय अगदी समसमान झाला म्हणायचा. पण घटनेचं कलम 350 सांगतं की गाऱ्हाणं घेऊन जाणाऱ्या माणसाला केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत तक्रार जाते, मराठीतही, आणि फी नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1957 पासून वेगळे आयुक्त आहेत, जिथं 15 टक्के लोक दुसऱ्या भाषेचे तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात असं धोरण जुनंच आहे. सरकारला लागू असलेली एवढी साधी गोष्ट हक्क शिकवायला आलेल्या प्रकल्पाने स्वतःला लावून घेऊ नये?

चौथं, नुकसान. तक्रार केलेल्या एका बाईचं पान बंद झालं, म्हणजे ठेकेदाराने तिला पान-तंबाखू द्यायचंच थांबवलं, सरळ सांगितलं नाही, आज पान संपलं, उद्या ये, परवा ये. महिनाभर ती दुसऱ्याच्या नावावर वळत होती, कमी पैशात. छाटीचा अर्ज तिचाच. आता कागदावर बघा, "तक्रार निकाली". हो, निकाली, कारण तिनेच मागं घेतली. तुमच्या फॉर्ममध्ये कार्यक्रमामुळे कुणाचं वाईट झालं का असा रकानाच नाही. हक्काचं काम म्हणजे कुणाच्या तरी सोयीवर बोट ठेवणं, त्याची परतफेड होतेच, ती होणार हे धरून चालायला पाहिजे आणि ती कुणी सोसली हे लिहायला पाहिजे. शिबिरात भाषण देऊन गेलेला पाहुणा सोसत नाही, बाई सोसते.

पाचवं, सीमेचं. तुमच्या प्रकल्पाचा नकाशा राज्याच्या हद्दीला येऊन संपतो, माणसं संपत नाहीत. सौंदत्तीला सोडलेली बाई राहायला गडहिंग्लज नाहीतर सांगलीकडे, कर्नाटकात मदत मिळायची ती 1993-94 आणि 2007-08 या दोन देवदासी सर्वेच्या यादीत नाव असेल तर, महाराष्ट्रात जावं तर तिथली कागदपत्रं वेगळी. दोन्ही यादींत नसलेल्या बाया टेबलावर आल्या होत्या. ऊसतोडीचं तसंच, माणसं बीडकडची, कारखाना इकडचा, मुकादम तिसरीकडचा, मुलं शाळेबाहेर, आणि वेठबिगारीचा कायदा 1976 पासून दोन्ही राज्यांत लागू. तुमच्या रिपोर्टमध्ये ही माणसं "प्रकल्प क्षेत्राबाहेरील" या एका शब्दात गेली.

आणि सहावं, छोटं आहे पण मला सगळ्यात जास्त लागलं ते. रिपोर्ट आम्हाला कुणी दिला नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलाय त्यांनाही नाही आणि ज्यांनी तीन वर्षं रजिस्टर लिहिलं त्यांनाही नाही. मला तो एका ओळखीच्याकडून व्हॉट्सअपवर पीडीएफ म्हणून मिळाला.

आता तुमच्या बाजूनेही थोडं बोलते, कारण मूल्यमापन नकोच असं माझं म्हणणं अजिबात नाही. पैसा लोकांचा आहे, हिशेब झालाच पाहिजे. आणि हक्काचं मोजणं अवघड आहे हेही मान्य. शौचालय बांधलं की मोजता येतं, भीती गेली ते कसं मोजायचं? एखाद्या बाईचा पीएफ निघाला तर तो टेबलामुळे निघाला की युनियनमुळे की साहेब बदलला म्हणून, कोण सांगणार? निपाणीत तंबाखू आणि बिडीच्या बायांची संघटना या प्रकल्पाच्या कितीतरी आधीपासूनची आहे, 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवून धरलेला भाग आहे हा, इथल्या लोकांना आवाज तुम्ही दिला असं कुणी रिपोर्टात लिहिलं तर लोक हसतील. श्रेय वाटून घ्या, सगळं आमच्यामुळेच असं दाखवायची गरज नाही. फंडरला पण माझं हेच सांगणं, दर वर्षाला चकाचक यश मागितलंत की खालचा माणूस चकाचक यशच लिहून देतो. तीन वर्षांत प्रथा मोडली, मारहाण संपली असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

आणि गावासमोर हिशेब द्यायची रीत काही नवीन नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनने 1994 पासून जनसुनवाई घेऊन मजुरीची बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली, ज्याच्या नावावर पैसे निघाले तोच उठून म्हणायचा की मला मिळालेच नाहीत. त्यातूनच पुढं 2005 च्या रोजगार हमी कायद्यात सोशल ऑडिट कलम 17 म्हणून आलं, ग्रामसभेने करायचं. आपल्याकडे ते बऱ्याचदा घाईत उरकतात हे मलाही माहीत आहे, पण कायद्यात तरी आलं. कर्नाटकात दरवर्षी पंचायतीत मुलांची ग्रामसभा होते, मक्कळ ग्रामसभा म्हणतात, तिथं एक पोरगं उठून पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या अधिकाऱ्याला, विचारतं की गेल्या वर्षी आम्ही शाळेच्या वाटेवर लाईट मागितली होती, त्याचं काय झालं? झालं की मूल्यमापन, एका वाक्यात.

टेबल बंद झाल्याने आज काय अडलंय तेही सांगते. मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 चा, त्याच्या कलम 36 प्रमाणे घटना घडून एक वर्ष होऊन गेलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. म्हणजे ज्या बायांनी शेवटच्या महिन्यांत तोंड उघडलं त्यांचं वर्ष चालू आहे, तुमचा पुढचा टप्पा मंजूर व्हायची ते वाट बघत नाही. राज्य आयोग बेंगळुरूला, इथून पाचशे किलोमीटरहून जास्त, दिल्लीचं तर सोडाच, ऑनलाईन करा म्हणणं सोपं आहे पण ते करून द्यायला कुणीतरी बसलेलं लागतं. रजिस्टर संस्थेच्या ऑफिसात कपाटात आहे. अर्जांचं पुढं काय झालं हे विचारायला बाया अजून माझ्या घरी येतात, मी काय सांगू?

म्हणून आमच्या मागण्या, सरळ सांगते.

मदत टेबल परत सुरू करा, शिबिरांची संख्या निम्मी करावी लागली तरी चालेल. ते होईपर्यंत रजिस्टरमधल्या न निकाली लागलेल्या अर्जांची यादी काढा आणि ज्यांची एक वर्षाची मुदत संपत आलीय त्यांचे अर्ज आधी पाठवा, बाईची संमती घेऊन, नाव गुप्त ठेवून. हे काम लगेच करायचं आहे, याला कुठल्या मंजुरीची गरज नाही.

रिपोर्टचा सारांश मराठीत आणि कन्नडमध्ये काढा, चार पानांचा पुरे, आणि ज्या गावांबद्दल लिहिलंय त्या गावांत ग्रामसभेच्या दिवशी वाचून दाखवा. वाचताना कुणी "असं झालंच नाही" म्हणालं तर तेही रिपोर्टला जोडा. मात्र मारहाणीच्या, मोती बांधल्याच्या, बालविवाहाच्या गोष्टी चावडीवर वाचायच्या नाहीत, त्या बायांशी वेगळं बसून बोलायचं, हे सांगायची वेळ येऊ नये पण सांगते.

तक्रारींचा आकडा एकटा वापरू नका. त्याच्याशेजारी हे लिहा की तक्रार करणारी पहिल्यांदाच करतेय का, कुठल्या प्रकारची आहे, तिचं पुढं काय झालं, किती दिवस लागले, मागं घेतली असेल तर का. आणि जिथं शून्य येतं तिथं आधी जाऊन बघा.

प्रश्न विचारायला संस्थेचा माणूस, ठेकेदाराचा माणूस, पंचायतीतला माणूस जवळ नको. बाईची भाषा येणारी बाई पाठवा, या भागात तशा शिकलेल्या मुली भरपूर आहेत आणि कामाच्या शोधात आहेत. प्रकल्प सुरू व्हायच्या आधीची परिस्थिती आधीच नोंदवा, शेवटी आठवून लिहू नका. आणि प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी परत एकदा या, तेव्हा कळेल काय टिकलं.

तक्रार केल्यामुळे ज्याचं काम गेलं, घर तुटलं, मार बसला, त्याची नोंद ठेवायचा रकाना प्रत्येक फॉर्मात घाला आणि अशा वेळी वापरायला थोडा पैसा बजेटमध्ये बाजूला ठेवा. पान बंद झालेल्या बाईला महिनाभराची मजुरी देता आली असती तर तिने अर्ज मागं घेतला नसता.

आणि हद्दीचं. कोल्हापूर, सांगलीकडच्या आणि आमच्या इकडच्या संस्थांनी निदान देवदासी आणि ऊसतोडीच्या बाबतीत एकत्र यादी करावी. दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना एकाच टेबलावर बसवणं तुमच्या हातात नसेल कदाचित, पण तुमच्या स्वतःच्या दोन ऑफिसांना एकमेकांना फोन करता येतो.

उत्तर मराठीत, कन्नडमध्ये, कशातही द्या, आम्ही वाचू. फक्त या वेळी मेल करू नका, जाहीर द्या, आणि टेबल कुठल्या तारखेपासून, कुठल्या बाजारात लागणार ते त्यात लिहा, म्हणजे मला दारात आलेल्या बायांना सांगता येईल.

आपली,
निपाणी भागातली एक माजी गावकार्यकर्ती